‘उत्स्फूर्त वादन’, ‘बढत’ की ‘उपज’?

अमेरिकन क्लॅरिनेटवादक जिमी जुफ्री यांच्या ‘फ्री फॉल’ या ध्वनिमुद्रिकेविषयी मराठीत लिहिताना ‘इम्प्रोव्हायझेशन’साठी, म्हणजे वाजवता वाजवताच संगीत घडवत जाण्यासाठी, ‘उत्स्फूर्त वादन’ हा शब्द पुरेसा आहे, की आपल्या रागसंगीतातील ‘बढत’ किंवा ‘उपज’ घ्यावा, असा प्रश्न आला आहे. त्याला जोडून ‘चेंबर जॅझ’ला, म्हणजे मोजक्या वादकांनी संचालकाशिवाय वाजवलेल्या जॅझला, मराठी प्रतिशब्द हवा का, असेही विचारले आहे. माझा कौल ‘उपज’ या शब्दाला आहे. त्याची कारणे या ध्वनिमुद्रिकेतच सापडतात.

१९६२ साली कोलंबिया कंपनीसाठी मुद्रित झालेल्या या संगीतात जुफ्री यांच्यासोबत पियानोवर पॉल ब्ले आणि डबल बासवर स्टीव्ह स्वॉलो आहेत, ड्रम्स नाहीत. मूळ तबकडीवरील दहा रचनांपैकी पाच एकट्या क्लॅरिनेटच्या, दोन क्लॅरिनेट आणि बास यांच्या आणि उरलेल्या तीन तिघांच्या आहेत. सर्व रचना जुफ्री यांच्या नावावर आहेत, आणि तरीही त्यांतील पुष्कळसे संगीत वाजवता वाजवताच घडत गेलेले आहे. आधी रचलेले आणि ऐन वेळी सुचलेले यांची ही सरमिसळ दाखवील असाच शब्द आपल्याला हवा.

‘उत्स्फूर्त’ तेथे कमी पडतो. मूळ ‘स्फुर्’ धातूमध्ये स्पंदणे, लकाकणे हा सुंदर अर्थ असला, तरी ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘उत्स्फूर्त घोषणा’ अशा प्रयोगांमुळे आज या शब्दातून पूर्वतयारीचा अभाव आणि भावनेचा उमाळा एवढेच वाचकाच्या मनात येते. जुफ्री यांचे वादन ऐकताना मला उमाळ्यापेक्षा सावधपणा अधिक जाणवतो : एक स्वर लावायचा, तो विरेपर्यंत ऐकायचा, मग पुढचा निवडायचा. ध्वनिमुद्रिकेच्या नावाचाही येथे विचार करावा. शाळेच्या विज्ञानात आपण ‘फ्री फॉल’ला ‘मुक्त पतन’ म्हणतो आणि त्याची व्याख्या केवळ गुरुत्वीय बलाखाली होणारी गती अशी शिकतो. पडणाऱ्या वस्तूवरचा इतर सर्व भार सुटलेला असतो, पण एक ओढ कायम असते. या संगीतात ठरलेला ठेका नाही आणि ठरलेली स्वरसंगतीही नाही, मात्र सोबतच्या वादकाने आत्ता काय वाजवले याची ओढ क्षणभरही सुटत नाही.

‘बढत’ हा शब्द माझ्या फार आवडीचा आहे, तरीही तो येथे लागू पडत नाही. बढतीमध्ये रागाचे रूप आधीपासून मान्य असते आणि षड्जापासून निघून स्वरास्वराने, लय वाढवत ते उलगडायचे असते. ज्या संगीतात उलगडायला राग नाही, तेथे बढत कशाची करणार?

राहिला ‘उपज’. बंदिशीचा मुखडा मनात धरून गायक ऐन वेळी जी नवी जागा काढतो, तिला आपण उपज म्हणतो. म्हणजे बांधलेले आणि सुचलेले या दोन्हींचे नाते या शब्दात मुळातच आहे. संस्कृत ‘उत्पद्यते’पासून प्राकृत ‘उप्पज्जइ’मार्गे ‘उपजणे’ आले. ‘इम्प्रोव्हायझेशन’ हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या ‘आधी न पाहिलेले’ या अर्थाच्या शब्दापर्यंत जातो. तो दृष्टीविषयी बोलतो, तर आपला शब्द जन्माविषयी. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायातील ‘उपजे तें नाशे’ हे शब्द अशा वादनाच्या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाहीत, कारण येथे जन्मलेला स्वर पुन्हा तसाच जन्मत नाही. ‘गौण वनोपज’ या सरकारी शब्दातील उत्पन्नाचा अर्थ कोणाला आड येईल असे वाटत असेल, तर संगीताच्या संदर्भात तसा घोटाळा होत नाही असे माझे निरीक्षण आहे.

‘चेंबर जॅझ’ मात्र तसाच ठेवावा. ‘बैठकीची लावणी’ या वळणावर ‘बैठकीचे जॅझ’ सहज बनते आणि कानाला गोडही लागते, पण बैठकीत भर श्रोत्यांच्या जवळिकीवर असतो. पाश्चात्त्य चेंबर संगीतात मोजके वादक, प्रत्येकाकडे स्वतंत्र भाग आणि संचालकाची अनुपस्थिती ही लक्षणे महत्त्वाची आहेत. एकदा अर्थ सांगून मूळ शब्द वापरलेला बरा.

लिहिताना एक काळजी घ्यावी. ‘उपजत वादन’ असे लिहू नये, कारण ‘उपजत’ म्हणजे जन्मजात, आणि वाचकाला ते जुफ्री यांच्या अंगच्या गुणाचे वर्णन वाटेल. ‘उपज’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘गरज’चे ‘गरजेचा’ होते त्या चालीने ‘उपजेचा’ असे रूप करावे : ‘या ध्वनिमुद्रिकेत रचनेचा भाग कोठे संपतो आणि उपजेचा कोठे सुरू होतो, हे पहिल्या ऐकण्यात कळत नाही.’