मॉर्फिन रडल्यावर की घड्याळावर?

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या लेकीचा आजार बरा होणारा नाही. दुखण्यासाठी मॉर्फिनचं पातळ औषध दर चार तासांनी सांगितलंय. सवय लागेल म्हणून ती रडली तरच देतो. चुकतंय का?

उत्तर : ताई, औषध घड्याळावरच द्या. त्याचा असर साधारण चार तासच टिकतो. दुखणं उसळलं की आवरायला जड जातं. शिवाय दुखणारं मूल रडतंच असं नाही, ते खेळणं सोडतं, गप्प पडून राहतं. शरीराला सवय होते, म्हणून औषध एकदम बंद करायचं नाही. पण ते व्यसन नव्हे. मध्येच दुखलं तर द्यायचा जादा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

चमच्याने नको, सिरिंजने मोजा. बाटली बदलली की एका मिलीलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचा. मिलिग्रॅमचा आकडा मिलीलिटर समजून भरला जातो, ही चूक जिवावर बेतते.

पेंग पहिले काही दिवस येते, मग ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. हलवूनही जागी होत नसेल किंवा श्वास फार संथ झाला, तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा.