मंडळावर कोण, यापेक्षा पैसा कुठे अडतो

चि.,
अनेक आशीर्वाद.

सरकारी आरोग्य विम्याच्या कारभारावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पाच देश, पाच कायदे, पाच संचालक मंडळं. मंडळावर कोण बसतं हे कायद्यात लिहिलेलंच असतं. पैसा कुणाच्या टेबलावर अडतो, ते मात्र खणून काढावं लागतं. प्रबंध त्यावर लिही.

घाना नीट धर. २००३ च्या कायद्याने तिथे जिल्ह्याजिल्ह्यांत बऱ्यापैकी स्वायत्त विमा योजना उभ्या राहिल्या. देखरेखीला वर राष्ट्रीय आरोग्य विमा प्राधिकरण. २०१२ च्या कायद्याने त्या सगळ्या मिळून एकच योजना केली आणि जिल्ह्यात उरली प्राधिकरणाची कार्यालयं. म्हणजे काल जो देखरेख करत होता, तोच आज योजना चालवतो. शिवाय खासगी आरोग्य विम्यावर लक्ष ठेवायचं कामही त्याच्याकडेच. हे तू एका ओळीत उरकलंयस!

आता पैसा. सदस्यांच्या हप्त्यातून फारसं काही जमत नाही. मोठा भाग येतो वस्तू-सेवांवरच्या २.५ टक्के आरोग्य विमा लेव्हीतून, म्हणजे खास त्यासाठी लावलेल्या करातून, शिवाय पगारदारांच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीतला वाटा. लेव्ही जमा होते कर खात्याकडे, आरोग्य विमा निधीत सोडायची वित्त मंत्रालयाने, आणि वाटपाचं सूत्र दरवर्षी संसद मंजूर करते. कागदोपत्री चोख. पण २०१७ मध्ये वेगळ्याच एका कायद्याने ठरावीक कामासाठी राखलेल्या सगळ्या निधींना मिळून कर महसुलाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली. आरोग्याच्या नावाने वसूल केलेल्या पैशातला काही भाग सरकारी तिजोरीतच राहू लागला. विमा प्राधिकरणावरची ही मर्यादा उठायला २०२५ उजाडलं. मंडळाची रचना तेवढी पाहशील, तर यातलं काहीच दिसणार नाही. दिसेल ते जिल्हा रुग्णालयाच्या औषधखिडकीवर: दाव्यांचे पैसे महिनोन्महिने थकलेले, कपाट रिकामं, आणि हातात वैध कार्ड असलेल्या बाईला सांगितलं जातं, औषध बाहेरून आणा.

केनियात प्रश्न वेगळा. १९६६ साली आरोग्य मंत्रालयातलं एक खातं म्हणून निघालेला रुग्णालय विमा निधी १९९८ च्या कायद्याने महामंडळ झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची जागा सामाजिक आरोग्य प्राधिकरणाने घेतली. पगारदारांची कपात आता २.७५ टक्के. पाटी बदलली, पण नव्या योजनेची संगणक प्रणाली सरकारच्या मालकीची नाही, असा आक्षेप तिथल्या महालेखापरीक्षकांनी घेतलाय. दावे ज्या यंत्रणेतून जातात ती कुणाची, हा कारभाराचाच प्रश्न आहे. तंत्रज्ञानाच्या प्रकरणात ढकलू नकोस.

रवांडाला दोन परिच्छेद पुरे: २०१५ मध्ये गावपातळीवरचा विमा आरोग्य मंत्रालयाकडून सामाजिक सुरक्षा मंडळाकडे गेला, म्हणजे उपचार देणारा आणि पैसे देणारा वेगळे झाले.

नायजेरिया सरळ गाळ. २०२२ च्या कायद्याने विमा सक्तीचा झाला खरा, पण राज्याराज्यांच्या एजन्सी आणि मधल्या खासगी कंपन्या उलगडायला निराळा प्रबंध लागेल. मार्गदर्शकांनी हट्ट धरला तर माझं नाव सांग, मी बोलतो त्यांच्याशी.