कॉन्फ एका गड्डीतला, नियम दुसऱ्या गड्डीतले

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत एकच घोळ आहे. स्नॉर्टचे नियम एका गड्डीतले (गड्डी म्हणजे नियम आणि त्यांच्या जोडीच्या फाइली एकत्र बांधलेला डाउनलोडचा संच), आणि 'स्नॉर्ट डॉट कॉन्फ' ही मांडणीची फाइल भलत्याच कुणाकडून मागून आणलेली. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहून हात दुखला, म्हणून इथे एकदाच लिहितो. ज्यांना स्नॉर्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच: नेटवर्कवरून जाणारे प्रत्येक पॅकेट नियमांशी ताडून पाहायचे आणि संशय आला की अलर्ट द्यायचा, हे त्याचे काम. काय ताडायचे ते नियमांत असते. कुणाच्या नेटवर्कवर आणि कसे ताडायचे ते कॉन्फमध्ये.

प्रश्न : स्नॉर्टच्या संकेतस्थळावर नुसती नोंदणी केली तरी नियम फुकट मिळतात. मग वर्गणी भरणाऱ्याला जास्तीचे काय मिळते? (विद्यार्थी, राजारामपुरी)

तीस दिवस. वर्गणीदाराला आज मिळालेला नियम नोंदणीवाल्याला महिन्याने मिळतो. घरच्या सरावाला तेवढे पुरते. पैशांचे व्यवहार असतील तर वर्गणी भरा.

प्रश्न : वर्गणी आहे, तरी कम्युनिटी नियमांचा (सगळ्यांना खुला असलेला) संच वेगळा उतरवून घ्यावा का? (हुपरी)

नको. तो वर्गणीच्या संचात आधीच असतो. दोन्ही घातलेत तर एकच नियम दोनदा आल्याच्या तक्रारींनी लॉग भरेल.

प्रश्न : नवा कॉन्फ टाकल्यावर स्नॉर्ट 'नियमांची फाइल उघडता येत नाही' म्हणून बंद पडत होता. त्या ओळींपुढे हॅश लावले, आता व्यवस्थित चालू आहे. काही धोका? (फाउंड्रीचा संगणक विभाग, शिरोली एमआयडीसी)

चालू झाला, पण व्यवस्थित नाही. कॉन्फमध्ये नाव आहे आणि डिस्कवर फाइल नाही, असे दिसले की स्नॉर्ट सुरूच होत नाही. हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. हॅश (#) लावलेली ओळ तो वाचतच नाही, म्हणजे तुम्ही त्याचे तोंड बंद केलेत. त्या एका ओळीमागे नियमांचा अख्खा गट असतो, तो गेला. किती ओळींना हॅश लावले ते पत्रात नाही, म्हणजे तुम्हीही मोजले नसावेत.

कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असते. नियमांच्या फोल्डरचा मार्ग चुकलेला असतो, नाहीतर कॉन्फ दुसऱ्या आवृत्तीच्या गड्डीतून आलेला असतो. आधी हॅश काढा, आणि तुमच्याच नियमांच्या गड्डीत 'ईटीसी' फोल्डरमध्ये जो कॉन्फ येतो तो घ्या. पुल्डपोर्क हे नियम उतरवून आणणारे साधन वापरलेत तर ते सगळे नियम एकाच फाइलीत गोळा करतो, कॉन्फमध्ये त्या फाइलीची आणि तुमच्या स्वतःच्या नियमांची अशा दोन ओळी पुरतात आणि ही कटकट मुळातच संपते. भट्टीच्या नियंत्रणाचे संगणक त्याच नेटवर्कवर असतील तर मात्र स्वतः हात घालू नका, जाणकाराला बोलवा.

सुरिकाटावाल्यांनी (सुरिकाटा हे स्नॉर्टसारखेच दुसरे साधन) यावर हसू नये. तुमचा सुरिकाटा न समजलेला नियम मुकाट्याने सोडतो, लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि पुढे जातो. ती ओळ वाचतो कोण? दर अपडेटनंतर चाचणी पर्याय लावून चालवा, तिथे तो खरे बोलतो.

प्रश्न : आमच्या तीन शाखा आहेत. मुख्य कार्यालयाला वर्गणी, बाकी दोघांना मोफत नोंदणी. ज्यांनी बसवून दिले त्यांनी मुख्य कार्यालयाचाच कॉन्फ तिन्हीकडे टाकला. दोन्ही शाखांत गेले तीन महिने एकही अलर्ट नाही, म्हणजे सुरक्षित आहोत असे ते म्हणतात. बरोबर ना? (पतसंस्थेचे व्यवस्थापक, इचलकरंजी)

नाही, साहेब. तीन महिने एकही अलर्ट नाही हे वाचूनच मला घाम फुटला. चालू नेटवर्कवर खोटा का होईना, एखादा अलर्ट येतोच. अजिबात शांतता असेल तर राखणदार झोपलाय किंवा चुकीच्या दाराशी बसलाय.

एका कारखान्याची गोष्ट सांगतो, नाव नको. तिथे ऊस वजनकाट्याचा संगणक आणि बिलांचा सर्व्हर एकाच जाळ्यावर. कुणीतरी दुसऱ्या ठिकाणचा कॉन्फ पेनड्राइव्हवरून आणून टाकला. सबंध गाळप हंगाम लॉग कोरा, आणि बैठकीत त्याचे कौतुक. मी गेलो, सुरिकाटाच्या सुरुवातीच्या धड्यात वापरतात तीच साधी चाचणी केली: एका चाचणी-संकेतस्थळावरून 'यूआयडी शून्य, रूट' असा मजकूर साध्या एचटीटीपीवरून मागवला. नियम क्रमांक २१००४९८ संचात चालू होता, तो लगेच ओरडला. पण तो नियम कुठल्याही पत्त्यावरची रहदारी पाहतो, म्हणजे राखणदार जागा होता, फक्त चुकीच्या दाराशी. कॉन्फ उघडला तर 'होम नेट'मध्ये (राखायच्या जाळ्याचे पत्ते जिथे लिहितात तिथे) १९२.१६८.१.० चे जाळे, आणि कारखान्याचे सगळे पत्ते १० ने सुरू होणारे. बहुतेक नियम 'बाहेरून होम नेटकडे' किंवा उलट, अशा दिशेने लिहिलेले असतात. होम नेट दुसऱ्याचे असेल तर त्या दिशेला बसणारे एकही पॅकेट येत नाही. नियम हजारो, वर्गणी भरलेली, आणि उपयोग काडीचा नाही. दुसऱ्याच्या मापाचे पायताण पायात घातले तर निदान चावते तरी. हे चावतही नाही, त्यामुळे कळत नाही.

कॉन्फमध्ये दोन जातींच्या गोष्टी एकत्र नांदतात, तिथेच घोळाचे मूळ आहे. काही तुमच्या जागेच्या: होम नेट, सर्व्हरचे पत्ते, पोर्ट. काही गड्डीच्या: वर्गीकरणाची फाइल, संदर्भांची फाइल, युनिकोडचा नकाशा, प्रीप्रोसेसरच्या (नियमांआधी पॅकेट उलगडणाऱ्या भागांच्या) मांडण्या. मुख्य कार्यालयाचा कॉन्फ शाखेत नेला की दोन्ही जाती चुकतात. पत्ते मुख्य कार्यालयाचे, आणि गड्डी महिन्याने पुढची. त्या महिन्यात नियमांची नवी फाइल आली असेल तर शाखेत ती नसते. त्यावर वरच्या फाउंड्रीवाल्यांसारखे कुणीतरी हॅश लावतो. उलट बाजूने, नवे नियम आणले आणि वर्गीकरणाची फाइल जुनीच ठेवली तर 'हा वर्ग अनोळखी' म्हणून स्नॉर्ट अडतो.

म्हणून तिन्ही ठिकाणी इंजिनाची आवृत्ती एक ठेवा. प्रत्येक ठिकाणी त्या ठिकाणच्याच गड्डीतला कॉन्फ आणि त्याच्या जोडीच्या फाइली घ्या. जागेच्या गोष्टी वेगळ्या छोट्या फाइलीत लिहून कॉन्फमधून तिला बोलवा. गड्डी बदलली तरी ती फाइल बदलत नाही. कुठला नियम चालू, कुठला बंद, हे डाउनलोड झालेल्या फाइलीत खाडाखोड करून ठरवू नका, पुढचे अपडेट ते पुसून टाकते. पुल्डपोर्कला त्यासाठी चालू-बंदच्या वेगळ्या याद्या देता येतात. त्या तिन्ही शाखांना समान ठेवा आणि गिटमध्ये ठेवा, म्हणजे कुणी काय बदलले ते दिसेल. आणि सेन्सर, म्हणजे स्नॉर्ट चालतो तो संगणक, स्विचच्या मिरर पोर्टवर (सगळ्या रहदारीची प्रत मिळते त्या जोडणीवर) आहे ना, तेही पाहा. नसेल तर त्याला स्वतःपुरतीच रहदारी दिसते, मग कॉन्फ सोन्याचा असला तरी व्यर्थ.

हे सगळे वाचून रात्री स्वतःच बदलायला बसू नका. तिन्ही ठिकाणचे कॉन्फ, आवृत्ती क्रमांक आणि सुरू होतानाचा लॉग घेऊन, ज्याने बसवले त्याच्याशिवाय दुसऱ्या जाणकाराला दाखवा. व्हॉट्सअॅपवरचे स्क्रीनशॉट चालणार नाहीत.

प्रश्न : मित्राचा ऑइंककोड (नियम उतरवण्यासाठी प्रत्येकाला मिळणारी खासगी किल्ली) वापरला तर चालतो. हरकत आहे का? (शाहूपुरी)

आहे. परवान्यात बसत नाही. चालतो म्हणून विचारताय, तर शेजाऱ्याच्या मीटरवरची वीजही चालते.

प्रश्न : मी स्वतः लिहिलेला नियम अपडेटनंतर गायब होतो. (गोकुळ शिरगाव)

'लोकल डॉट रूल्स'मध्ये लिहा आणि त्याला १०,००,००० किंवा त्यापुढचा एसआयडी (नियमाचा क्रमांक) द्या. त्याखालचे क्रमांक स्नॉर्टचे. २० लाखांच्या घरातले इमर्जिंग थ्रेट्स या दुसऱ्या नियमसंचाचे, तिथेही घुसू नका.

प्रश्न : एक विक्रेता म्हणतो, त्यांच्या डब्यात (तयार सुरक्षा यंत्रात) 'पन्नास हजार नियम चालू' आणि 'कंपनीचे स्वतःचे खास नियम' आहेत. घ्यावा का? (यंत्रमाग कारखानदार, इचलकरंजी)

आकड्याला भुलू नका. उतरवलेल्या संचातले कितीतरी नियम मुद्दामच बंद येतात. टॅलॉसने (स्नॉर्टचे नियम लिहिणाऱ्या सिस्कोच्या गटाने) कनेक्टिव्हिटी, बॅलन्स्ड, सिक्युरिटी अशी धोरणे आखून दिली आहेत, ती यासाठीच. सगळे चालू केले की डब्याला दम लागतो, पॅकेटे गळतात आणि गळालेले पॅकेट कुणीच तपासत नाही. विक्रेत्याला विचारा: धोरण कुठले, पॅकेटे किती गळतात, शेवटचे नियम कधी आले? 'खास' नियमाचा एसआयडी दाखवायला सांगा. तो २० लाखांच्या घरातला निघाला तर इमर्जिंग थ्रेट्सचा मोफत संच उघडून तोच नियम तिथे सापडतो का ते पाहा. मग हसायचे की रागवायचे ते तुम्ही ठरवा. सही करण्याआधी करार त्रयस्थाकडून वाचून घ्या.

प्रश्न : स्नॉर्ट ३ घेतला. जुन्या कॉन्फचे नाव बदलून 'डॉट लुआ' केले तर? (कागल)

नाव बदलून जात बदलत नाही. भाषाच वेगळी आहे, स्नॉर्ट ३ चा कॉन्फ लुआ या भाषेत असतो. 'स्नॉर्टटूलुआ' हे साधन जुना कॉन्फ बदलून देते, पण निघालेले ओळीने तपासावे लागते. नियमही २.९ चे नकोत, ३ चे घ्या.

प्रश्न : आमची नागरी बँक छोटी आहे. हे सगळे आम्हाला बंधनकारक आहे का? (गडहिंग्लज)

रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात नागरी बँकांचे चार स्तर केले आहेत. बँक छोटी की मोठी यापेक्षा तिच्या डिजिटल सेवा किती आणि पेमेंट यंत्रणांशी जोडणी कशी, यावर स्तर ठरतो. तुमचा कुठला ते मी इथून सांगणार नाही. लेखापरीक्षकांना लेखी विचारा.

प्रश्न : शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरवरून बाहेर विचित्र रहदारी जात असल्याचे अलर्ट आले. आमचा माणूस सोमवारी येतो. तोवर सर्व्हर बंद ठेवू की फॉरमॅट मारू? (कार्यालयीन अधीक्षक, कोल्हापूर)

दोन्ही नको! फॉरमॅट मारलात तर पुरावा जाईल, वीज काढलीत तर मेमरीतले जाईल. नेटवर्कची वायर काढा, लॉगची प्रत दुसरीकडे ठेवा. आणि सोमवार कसला? सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस भारतातच जपायचे असतात. तुमचे पत्र मला बुधवारी मिळाले. आता तरी १८००-११-४९४९ ला फोन लावा, आणि त्याच दिवशी सर्ट-इनच्या यादीतल्या लेखापरीक्षकाला बोलवा.