एमएस आहे की नाही, हे रक्ताच्या तपासणीत कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बायकोचं वय २९, राहायला चोपडा. आधी उजव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचं. ते कमी झालं आणि दोन-अडीच महिन्यांनी कमरेखाली मुंग्या सुरू झाल्या. नाशिकच्या न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय बघून मल्टिपल स्क्लेरोसिसची (एमएस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करणाऱ्या आजाराची) शंका सांगितली, पाठीतलं पाणी तपासायला सांगितलं आणि रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी हातात दिली. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, 'न्यूरोफिलामेंट' नावाची रक्ताची नवी तपासणी निघाली आहे, ती केली की पाणी काढायची गरज नाही. हे खरं का?

नाही भाऊ, खरं नाही. एका रक्ततपासणीच्या आकड्यावरून एमएस आहे किंवा नाही असं आज कुणीही सांगू शकत नाही. मी जळगावला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि माझ्या धाकट्या बहिणीला २०१७ पासून एमएस आहे. या रिपोर्टांशी माझा संबंध लॅबमध्येही येतो आणि घरातही. मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमचे न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील. पण तपासण्या कशासाठी आहेत आणि सॅम्पल देताना काय सांभाळायचं, एवढं मी नक्की सांगू शकते.

त्या यादीतल्या बहुतेक तपासण्या एमएस शोधायला नाहीतच. एमएससारखे दिसणारे दुसरे आजार बाजूला काढायला आहेत. त्यातली सगळ्यात साधी म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व फार कमी झालं की मज्जारज्जूला इजा होते, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, कधी नजरही मंदावते. घर शाकाहारी असेल तर ही शक्यता आधी तपासायलाच हवी. अडचण अशी की आपल्याकडे अशक्तपणा आला की कुणीही बी-१२ च्या लाल इंजेक्शनांचा कोर्स देऊन टाकतं. 'पायले मुंग्या येतस' म्हणत पेशंट आमच्याकडे येतो, तेव्हा दोन-तीन इंजेक्शनं आधीच झालेली असतात आणि रिपोर्टमध्ये बी-१२ भरपूर दिसतं. इंजेक्शन सुरू झालं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ते बी-१२ ची खरी कमतरता दाखवणारं होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड बघायचं का ते ठरवतील. वहिनी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर तेही लॅबमध्ये सांगा. जास्त डोसच्या बायोटिनमुळे काही मशीनवर थायरॉइडचे आणि बी-१२ चे आकडे चुकीचे येतात.

आता ज्या तपासणीवर मी सगळ्यात जास्त जोर देईन ती. यादीत 'अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी' आणि 'मॉग अँटिबॉडी' अशी दोन नावं असतील. महाग असतात, म्हणून पुष्कळ जण म्हणतात, 'हे नंतर बघू.' नंतर बघू नका. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा एक वेगळा आजार आहे. त्यातही डोळ्याची नस आणि मज्जारज्जूच सुजतात, त्यामुळे पूर्वी तो एमएसचाच प्रकार समजला जायचा. २००४ मध्ये त्याची अँटिबॉडी रक्तात सापडली, पुढच्या वर्षी ती अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला करते हे कळलं आणि दोन्ही आजार वेगळे झाले. हा फरक नुसता नावाचा नाही. एमएसची इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब ही औषधं न्यूरोमायलायटिसच्या पेशंटला दिली तर आजार वाढू शकतो, आणि त्या आजारात एकेक झटका (म्हणजे अचानक उसळलेला आजार) दृष्टी किंवा पाय कायमचे घेऊन जाऊ शकतो. इथे रक्ताचा रिपोर्ट खरोखर दिशा बदलतो.

म्हणून दोन गोष्टी विचारून घ्या. तपासणी पेशींवर अँटिबॉडी बघणाऱ्या 'सेल-बेस्ड अ‍ॅसे' पद्धतीने होणार आहे ना? जुन्या एलायझा पद्धतीत चुकीचा पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त आहे. आणि सॅम्पल स्टिरॉइडच्या सलाइनआधी घेता येईल का? स्टिरॉइड किंवा प्लाझ्मा बदलण्याच्या उपचारानंतर अँटिबॉडीची पातळी खाली जाऊ शकते आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. नजर झपाट्याने जात असेल तर उपचार थांबवायचे नाहीत, पण सलाइन लावायच्या आधी एक ट्यूब रक्त काढून ठेवायला पाच मिनिटं पुरतात. आमच्याकडून हे सॅम्पल मुंबईला जातं. साध्या ट्यूबमध्ये रक्त गोठू द्यायचं, फिरवून वरचं पिवळसर सिरम वेगळं काढायचं, थंड जेलच्या पाकिटांमध्ये बसवायचं आणि संध्याकाळच्या कुरिअरला द्यायचं. मे महिन्यात डबा बंद होताना मी स्वतः उभी राहते. आपल्या जिल्ह्यातल्या उन्हात थंडावा तुटला तर सॅम्पलवर भरवसा ठेवता येत नाही. तुम्हीही विचारा, सॅम्पल कसं आणि कधी निघणार. विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

मॉग अँटिबॉडी नसेवरच्या आवरणातल्या एका प्रथिनावर हल्ला करते, आणि त्यातून एमएससारखाच दिसणारा वेगळा आजार होतो. पण मॉगचा रिपोर्ट अगदी कमी पातळीवर पॉझिटिव्ह आला तर घाबरू नका. तसा तो एमएसमध्येही कधीकधी येतो. डॉक्टर एमआरआयशी जुळवून बघतात.

पाठीतल्या पाण्याचं. खेड्यापाड्यात समज आहे की मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात, म्हणून ती भीती नको. काही जणांचं नंतर काही दिवस डोकं दुखतं, ते खरं आहे. आता यात रक्ताचा भाग असा: पाणी आणि रक्त एकाच वेळी घेऊन शेजारी-शेजारी तपासावं लागतं. पाण्यात अँटिबॉडीच्या पट्ट्या दिसल्या आणि रक्तात त्या नसल्या, तर त्या अँटिबॉडी मज्जासंस्थेच्या आतच तयार होत आहेत असं कळतं. एमएसच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१७ च्या मॅक्डॉनल्ड निकषांत या पट्ट्यांना वजन आहे, आणि २०२४ च्या सुधारणेत पाण्यातल्या 'कॅपा फ्री लाइट चेन' या तपासणीलाही जागा मिळाली आहे. पाण्याबरोबर रक्ताची ट्यूब गेली नाही, तर पट्ट्यांच्या रिपोर्टचा अर्थच लागत नाही. तेव्हा त्या दिवशी दोन्ही सॅम्पल गेली का, हे नक्की बघा.

आता तुमच्या पाहुण्यांचं न्यूरोफिलामेंट. शेतातल्या मोटारीच्या केबलचं प्लास्टिक सोललं जावं, तसं एमएसमध्ये नसेवरचं मायलिनचं आवरण सोललं जातं. आतली तार तुटायला लागली की तिच्यातलं न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन पाण्यात आणि तिथून अगदी थोडं रक्तात उतरतं. ते इतकं कमी असतं की पिकोग्रामात मोजतात, आणि पिकोग्राम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढं बारीक मोजणारी तंत्रं आली तेव्हाच ही तपासणी रक्तात शक्य झाली. झटका आला की आकडा वाढतो, औषध लागू पडलं की खाली येतो. संशोधनात तर पुढे एमएस झालेल्या काही जणांच्या जुन्या साठवलेल्या रक्तातही, लक्षणं दिसण्याच्या काही वर्षं आधी, हा आकडा वाढलेला सापडला आहे. मला ही तपासणी फार आशेची वाटते, बहिणीसाठीसुद्धा.

पण तार कशाने तुटली हे हा आकडा सांगत नाही. पक्षाघात, डोक्याला मार, नसांचे इतर आजार, सगळ्यांत तो वाढतो. वयानुसार वाढतो, किडनी बिघडली तर वाढतो, वजन जास्त असेल तर उलट कमी दिसतो. लहानसा डाग असेल तर नॉर्मलही येतो. निदानासाठी त्यावर पैसे घालू नका. निदान पक्कं झाल्यावर, औषध काम करतंय का हे बघायला, एकाच लॅबमध्ये एकाच पद्धतीने ठरावीक काळाने केला तर उपयोग आहे, तोही न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले तरच.

एप्स्टीन-बार विषाणूबद्दलही कुणी सांगेल. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून अधिक जणांच्या नोंदींवरून दिसलं की या विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पटीने वाढतो. शोध मोठा आहे, पण हा विषाणू जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाला होऊन गेलेला असतो, त्यामुळे त्याची अँटिबॉडी तपासून तुम्हाला काहीच कळणार नाही. व्हिटॅमिन डी तपासा, कमी असेल तर भरून काढा. मात्र साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला सांगितली असेल तर आठवड्यालाच, रोज नाही. कॅल्शियम वाढून किडनीवर येतं.

एमएसच ठरला तर रक्ताचं खरं काम तिथून सुरू होतं, कारण ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. आपल्याकडे रिटुक्सिमॅब हे औषध बरंच वापरतात. त्याआधी हिपॅटायटिस बी साठी नुसतं एचबीएसएजी (सध्याचा संसर्ग दाखवणारी तपासणी) पुरत नाही, अँटी-एचबीसीसुद्धा (पूर्वी कधीतरी झालेला संसर्ग दाखवणारी) लागतं, कारण लपलेला विषाणू या औषधाने उसळू शकतो. टीबीची तपासणीही आधीच. फिंगोलिमोडआधी कांजिण्यांची अँटिबॉडी आणि नंतर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा आकडा, नॅटालिझुमॅबसाठी जेसी विषाणूची (या औषधावर असताना मेंदूत उसळू शकतो त्या विषाणूची) अँटिबॉडी.

आणि एक उन्हाळ्याचं. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा एमएसच्या पेशंटची जुनी लक्षणं परत डोकं वर काढतात. माझ्या बहिणीला दुपारी गच्चीवरचे पापड काढताना डोळ्यासमोर पुन्हा तोच धूसरपणा आला आणि घरातले लगेच स्टिरॉइडसाठी निघाले. कूलरसमोर बसून अंग गार झालं आणि तासाभरात नजर मोकळी झाली. उष्णतेने किंवा तापाने असं होतं, तो नवा झटका नसतो. असं एक-दोन दिवस टिकलं तर आधी लघवीची तपासणी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपी (संसर्ग-सूज दाखवणारी तपासणी) करून घ्या. बायकांमध्ये लघवीचा संसर्ग हे त्याचं नेहमीचं कारण आहे, आणि आत संसर्ग असताना स्टिरॉइड दिलं तर तो आणखी वाढतो.

वहिनींचे अ‍ॅक्वापोरिन आणि मॉगचे रिपोर्ट आले की त्यावर कोणती पद्धत छापली आहे आणि सॅम्पल कोणत्या तारखेला घेतलंय, ते खाली कमेंटमध्ये लिहा. नाव-नंबर झाकून. स्टिरॉइड सुरू झाल्याची तारीखही लिहा. त्यावरून तपासणी पुन्हा करायची का हे डॉक्टरांना कसं विचारायचं, ते मी सांगेन.