लॅपटॉपचा प्रोसेसर: १२३५यू की १२४०पी?

कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) मोजत बसू नका, नवीन माणूस तिथेच अडकतो. इंटेलच्या आय५-१२३५यूमध्ये १० कोअर, १२४०पीमध्ये १२. छोटे, वीज वाचवणारे कोअर दोन्हीकडे ८च. फरक मोठ्या, वेगवान कोअरचा, २ विरुद्ध ४.

खरे फसवतात ते वॅट, म्हणजे प्रोसेसर किती वीज घेतो ते. मूळ आकडे १५ आणि २८, पण टर्बोमध्ये (थोडा वेळ जास्त वेगाने चालताना) मर्यादा ५५ आणि ६४ पर्यंत जाते. तिथे किती वेळ टिकू द्यायचं हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. त्यामुळे पातळ, तापणाऱ्या लॅपटॉपमधला १२४०पी पुढे राहीलच असं नाही.

तुलना करताना:
- सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं सलग चालवा. पहिला स्कोअर सगळ्यांचाच छान येतो!
- चार्जर काढूनही बघा.
- बॅटरीचे तास मोजताना वॅट-अवर (बॅटरीची क्षमता) आणि ब्राइटनेस जुळवा, नाहीतर ती बॅटरीची तुलना झाली, प्रोसेसरची नव्हे.

अंडरव्होल्टिंग (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं) वगैरे सध्या राहू द्या. एक्सेल, ब्राउझर, व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल तर १२३५यू बिनधास्त घ्या. वाचलेले पैसे रॅमवर घाला, तीही ड्युअल चॅनेल (दोन वाटांनी एकदम चालणारी); प्रोसेसरमधल्याच आयरिस एक्सई ग्राफिक्सला ती लागतेच.