गाडीच्या हादऱ्याने गर्भ पडतो का?

प्रश्न : डॉक्टर, मी जुळे सोलापुरात राहते. मागच्या महिन्यात माझा दीड महिन्याचा गर्भ पडला. त्याच आठवड्यात स्कूटीवरून अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेले होते. हादऱ्यानेच झालं, असं सासूबाई म्हणतात. नणंद प्राणिशास्त्रात एमएस्सी करते. ती सांगते, सुधांशू डे या शास्त्रज्ञांनी उंदरांवर काम करून गर्भ रुजायची वेळ ठरलेली असते हे दाखवलंय. उंदरांचं आपल्याला कसं लागू पडेल?

उत्तर : हादऱ्याने नाही. दीड महिन्याचा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तो पाण्याच्या पिशवीत, ती पिशवी गर्भाशयाच्या जाड स्नायूंत आणि गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आडोशाला. रस्त्यावरच्या खड्ड्याचा धक्का तिथवर पोचत नाही. इतक्या लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष सापडतो. तुमचा दोष त्यात कुठेच येत नाही.

नणंद सांगते ते खरं आहे. डे यांनी अमेरिकेत अनेक वर्षं हाच प्रश्न लावून धरला. उंदरीचं गर्भाशय गर्भारपणाच्या चौथ्या दिवशी गर्भ स्वीकारायला तयार होतं आणि ती तयारी एक दिवसही टिकत नाही. रुजायला उशीर झाला की गर्भ एकमेकांना खेटून, भलत्या जागी रुजतात, वार नीट धरत नाही आणि पुढे काही गर्भ जिरून जातात. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कॉलिन स्टुअर्ट यांचा 1992 सालचा प्रयोग. ‘लिफ’ नावाचं प्रथिन बनवू न शकणाऱ्या उंदरींमध्ये गर्भ तयार झाले, पण रुजले नाहीत. तेच गर्भ दुसऱ्या, निरोगी उंदरींत ठेवले तर रुजले! नुसता गर्भ चांगला असून भागत नाही, गर्भाशयही त्या वेळी तयार लागतं, हे त्यातून कळलं.

उंदराचं वेळापत्रक मात्र आपल्याला जसंच्या तसं लागू नाही. बाईच्या गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला आपणहून तयारी करतं. उंदरीत ती गर्भाची चाहूल लागल्यावर होते. पण वेळेचं महत्त्व आपल्यातही दिसलंय. अॅलन विल्कॉक्स यांनी 1999 मध्ये रोजच्या लघवीच्या तपासणीतून पाहिलं, की टिकलेल्या गर्भांपैकी 84 टक्के बीज सुटल्यावर आठव्या ते दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी 13 टक्के लवकर पडले, अकराव्या दिवसानंतर रुजलेल्यांपैकी 82 टक्के. उशीर गर्भामुळे की अस्तरामुळे, हे मात्र या आकड्यांवरून सांगता येत नाही. तो दिवस आपल्या हातातही नसतो.

तुम्ही आत्तापासून फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करा. डोस तुमच्या डॉक्टरांना विचारा. थायरॉइड आणि शुगर तपासून घ्या. पुन्हा असं झालं, तर पुढच्या तपासण्या करायच्या. पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर न्या आणि हादऱ्याचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.