हिमाचलच्या स्पितीतील किब्बर गाव ते लडाखमधील त्सो मोरिरी सरोवर हा ट्रेक एजन्सीशिवाय आखता येईल का? त्यासाठी किती दिवसांची रजा काढावी?

तुमच्या प्रश्नातील एका वाक्यामुळे हे उत्तर लिहायला बसलो. एका अनुभवी ट्रेकरने तुम्हाला सांगितले आहे की नीट चालणाऱ्या गटाला राखीव दिवस लागत नाहीत, आणि म्हणून रजा नेमकी मोजून काढली तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. चालणार नाही. तो ट्रेकर कोणीही असो, नेमक्या याच मताच्या एका गृहस्थांबरोबर मी परांग ला ही खिंड ओलांडली आहे आणि आमचा हा वाद अजूनही मिटलेला नाही. त्यांना इथे संयोजक म्हणतो, कारण आमच्या गटात ते स्वतःला तसेच म्हणवून घेतात.

मार्ग तुम्ही नकाशावर पाहिला असेलच. किब्बर सुमारे 4,200 मीटरवर आहे, खिंड साधारण 5,580 मीटरवर आणि त्सो मोरिरीच्या काठचे कार्झोक गाव, जिथे चाल संपते, ते पुन्हा 4,500 च्या आसपास. आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की किब्बर सोडल्यापासून कार्झोक येईपर्यंत वाटेत एकही गाव लागत नाही, आणि खिंडीपलीकडे उतरल्यानंतर माघारी फिरायचे ठरवले तर तीच खिंड पुन्हा चढावी लागते. त्यामुळे कोणाला विरळ हवा बाधत असेल तर त्याला परत पाठवण्याचा निर्णय खिंडीच्या अलीकडे, थालटाकच्या मुक्कामावर किंवा फार तर बोंगरोजेनच्या तळावर घ्यावा लागतो. मोबाइलला रेंज नसते. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण सरकारी परवानगीशिवाय बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे, आणि परदेशातून मित्राने आणलेले असे उपकरण पिशवीत घालून नेणाऱ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत, हेही ध्यानात ठेवा.

किब्बरला जायचे ते स्पितीतील मुख्य गाव काझा येथून. त्या काझाला मनालीमार्गे जाऊ नका. त्या बाजूने एकाच दिवसात 4,500 मीटरच्या वरची कुंझुम खिंड ओलांडून तुम्ही काझाला थडकता, आणि पुढचे दोन दिवस डोके धरून बसता. सिमल्याहून किन्नौरमार्गे गेलात तर कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत शरीराला उंचीची सवय हळूहळू होते. 3,000 मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या ठिकाणाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा, हा नियम तुम्ही ऐकलेला असणार. सह्याद्रीत नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्या आपल्या मंडळींना तो स्वतःला लागू होतो असे मात्र वाटत नाही. कळसूबाई 1,646 मीटर आहे. दमसास आणि उंची सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिसऱ्या दिवशी सर्वांत आधी आडवा होतो तो बहुतेक वेळा गटातला सर्वांत दणकट, सर्वांत भरभर चालणारा गडी असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

खिंडीच्या उत्तरेकडील हिमनदीतून पारे छू ही नदी निघते आणि वाट अनेक मैल तिच्या सोबतीने खाली जाते. नोर्बू सुमदो येथे ती पूर्वेकडे वळून तिबेटात शिरते, आपल्याला मात्र उत्तरेला त्सो मोरिरीकडे जायचे असते, म्हणून तिथे ती ओलांडावीच लागते. (हीच नदी तिबेटातून फिरून परत भारतात येते आणि हिमाचलातील सुमदो येथे स्पितीला मिळते. किन्नौरमार्गे काझाला जाताना तुम्ही त्या संगमावरूनच जाल. तिबेटात 2004 साली दरड कोसळून तिच्या पात्रात तलाव तयार झाला होता, तो जून 2005 मध्ये फुटला आणि सतलजच्या खोऱ्यातील पूल आणि रस्ते वाहून गेले.) नदी बर्फाच्या पाण्याची असल्याने तिचे दिवसाचे वेळापत्रक असते. सकाळी पाणी उतरलेले असते, ऊन चढले की वर बर्फ वितळू लागते आणि ते पाणी खाली पोहोचेपर्यंत दुपार उलटते. म्हणून ही नदी सकाळीच ओलांडायची असते, आणि किब्बरच्या कोणत्याही घोडेवाल्याला हे आपल्या मुलांच्या नावांइतके पाठ असते.

आमच्या संयोजकांनी रचोलामो आणि नोर्बू सुमदो हे दोन टप्पे एकात गुंडाळले होते, कारण कार्झोकहून लेहला जाण्याची गाडी आणि लेहहून विमानाची तिकिटे त्यांनी दोन महिने आधीच काढून ठेवली होती. त्यामुळे आम्ही नदीवर पोहोचलो ते भर दुपारनंतर. पाणी राखाडी होते, तळ दिसत नव्हता आणि काठावर उभे राहिले की पाण्याखाली दगड एकमेकांवर आपटत पुढे सरकल्याचा घुमणारा आवाज येत होता. संयोजकांचे म्हणणे असे की पाणी कमरेइतकेच आहे, दोर लावून सगळे उतरू, संध्याकाळपर्यंत आणखी काही अंतर कापू आणि उद्या थेट कार्झोक गाठू. मी उतरणार नाही, असे सांगितले. आमच्यात एक ठाण्याच्या बाई होत्या, उंचीने लहान. संयोजकांच्या कमरेइतके पाणी त्यांच्या छातीला लागले असते. त्यांनाही मी उतरू देणार नाही, असेही म्हणालो. यावर बरेच बोलणे झाले आणि त्यातले सगळेच काही इथे लिहिण्यासारखे नाही.

हे चालू असताना घोडेवाल्याने कोणालाही न विचारता पहिल्या घोड्याच्या पाठीवरचे दोर सोडायला सुरुवात केली. संयोजकांनी त्याला हटकले, तेव्हा त्याने नदीकडे पाहिले, "सुबह देखेंगे जी" एवढेच म्हणाला आणि दुसऱ्या घोड्याकडे वळला. मी पाण्याच्या अगदी कडेला, कोरड्या वाळूत, एक पांढरा दगड ठेवला आणि संयोजकांना तो पाहून ठेवायला सांगितले. स्टोव्ह पेटून चहा होईपर्यंत तो दगड पाण्याखाली गेला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पाहिले तर तो दगड काठापासून बराच वर, ओल्या वाळूत उघडा पडला होता, आणि नदीच्या अनेक फाट्यांपैकी सर्वांत अलीकडच्या फाट्यात तर नुसती रेती उरली होती. आधी घोडे गेले. मग आम्ही पाठपिशवीचे कमरेचे पट्टे सोडून, एकमेकांच्या हातांत हात अडकवून, पात्र जिथे सर्वांत रुंद आहे तिथून तिरके उतरलो. पाणी गुडघ्याच्या थोडे वर लागले. पायांची बधिरता जाऊन बूट घालेपर्यंत आणि सामान पुन्हा लादेपर्यंत बराच वेळ गेला, तेव्हा त्या दिवशी मुक्काम त्सो मोरिरीच्या दक्षिण टोकाला कियांगदोम येथेच पडला आणि कार्झोकला आम्ही ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा पोहोचलो. विमान गेले. नवी तिकिटे आयत्या वेळच्या दराने काढावी लागली.

तेव्हापासून दर कोजागरीला गट जमला की संयोजक सर्वांसमोर हिशोब मांडतात की माझ्या एका रात्रीच्या झोपेची किंमत इतके हजार रुपये झाली. माझे उत्तर ठरलेले आहे: ते पैसे नदीकाठी बुडालेले नाहीत, ते त्यांनी आपल्या दिवाणखान्यात बसून परतीचे तिकीट काढले त्या क्षणीच बुडाले होते. ज्या मार्गावर खिंडीत हिमवृष्टी होऊ शकते, नदीला पाणी चढू शकते आणि एखाद्याला उंची बाधली तर एका जागी थांबावे लागते, त्या मार्गाच्या शेवटी न बदलता येणारे तिकीट ठेवणे म्हणजे आधीच ठरवून टाकणे की अडचण आली तर धोका पत्करायचा. दोराविषयीही एकदा सांगून टाकतो. कातळारोहणात ज्यांची हयात गेली त्यांना वाटते की दोर असला की सगळे निभावते. वाहत्या पाण्यात माणसाच्या कमरेला दोर बांधला आणि त्याचा पाय घसरला, तर ताणलेला दोर त्याला प्रवाहात धरून ठेवतो आणि पाणी त्याला खाली दाबते. नदीत माणूस दोराला बांधायचा नसतो.

राखीव दिवसांना विरोध करताना दुसरा युक्तिवाद वजनाचा केला जातो. तोही तपासून पाहा. माणशी रोजचा कोरडा शिधा 700 ते 800 ग्रॅम धरला, तर सहा जणांचा दोन दिवसांचा शिधा नऊ-दहा किलोंच्या आत बसतो. एक घोडा 50 किलोच्या आसपास ओझे नेतो. म्हणजे प्रश्न एका घोड्याच्या पाठीवरील पाचव्या हिश्श्याचा आहे. इंधनाचा हिशोब मात्र हात राखून करू नका, कारण 4,600 मीटरवर पाणी साधारण 85 अंशांनाच उकळते आणि कुकरशिवाय डाळ शिजत नाही. राखीव दिवसांसाठी मूगडाळ, पोहे आणि सातू ठेवा. राजमा आणि छोले घरी राहू द्या.

तर रजेविषयी. चंदीगडपर्यंत प्रवास, तिथून किन्नौरमार्गे काझाला तीन-चार दिवस, काझा आणि किब्बरला मिळून दोन-तीन दिवस, चालण्याचे आठ-नऊ दिवस, शिवाय दोन राखीव, कार्झोक ते लेह एक दिवस आणि लेहला एक मोकळा दिवस, असे धरले तर महाराष्ट्रातून जाणाऱ्याला तीन आठवडे लागतात. राखीव दिवसांपैकी एक खिंडीच्या अलीकडे आणि एक नदीच्या अलीकडे खर्च करण्याची तयारी ठेवा. परतीचे तिकीट बदलता येईल असेच काढा, किंवा लेहला पोहोचल्यावर काढा. महाग पडेल, पडू द्या. इतकी रजा मिळत नसेल तर हा मार्ग निवृत्तीनंतर करा किंवा एखादा लहान मार्ग निवडा, पण हाच मार्ग आठ दिवसांत कोंबू नका.

एजन्सीशिवाय जमेल का, तर जमेल, मात्र घोडेवाल्याशिवाय जमणार नाही. किब्बरचे लोक पूर्वीपासून याच खिंडीवरून पलीकडच्या चांगथांग पठारावर घोडे घेऊन जात आणि बदल्यात याक आणत, त्यामुळे ही वाट त्यांची आहे. दर ठरवताना घोडे रिकामे परत नेण्याचे दिवस आणि राखीव दिवस यांची मजुरी त्यात धरलेली आहे ना, हे स्पष्ट बोलून घ्या, नाहीतर नदीकाठी तुमचा संयोजक आणि घोडेवाला असे दोघेही घाई करू लागतील. वाटेचा काही भाग किब्बर अभयारण्यातून आणि पुढचा चांगथांगच्या संरक्षित क्षेत्रातून जातो; परवान्यांचे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी काझा आणि लेह येथील प्रशासकीय कार्यालयांत चौकशी करा.

काही गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. संयोजकांनीच मला पहिल्यांदा हिमालय दाखवला, आणि खिंडीपलीकडच्या हिमनदीवर भेगा चुकवत त्यांनी ज्या सफाईने वाट काढली ती मला जमली नसती. सप्टेंबरात थंडी वाढली की नदीचे पाणी बरेच उतरते आणि काही गट ती दुपारीही ओलांडतात, हेही खरे आहे. तेव्हा ऑगस्टमधील माझा अनुभव प्रत्येक महिन्याला लागू करू नका. राखीव दिवस आहेत म्हणून 5,000 मीटरवर उगाच मुक्काम लांबवणेही बरे नाही, तिथे शरीराला धड विश्रांती मिळत नाही. उंची बाधू नये म्हणून घेतात त्या डायमॉक्स गोळीची मात्रा इथे सांगत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी ती गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आणि जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस फारसा नसला तरी किन्नौरचा रस्ता दरडींचा आहे, 11 ऑगस्ट 2021 रोजी तिथल्या निगुलसरीला कोसळलेल्या दरडीबद्दल तुम्ही वाचले असेल, म्हणून वर मोजलेल्या राखीव दिवसांखेरीज काझाला पोहोचण्याआधीही एक दिवस हाताशी ठेवा.